पुस्तकातली तलवार आणि पडद्यावरची

प्रश्न : "सुट्टीत आमच्या घरी एक वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं मुग्धा कर्णिक यांनी केलेलं 'स्वामी मुद्रिकांचा' हे भाषांतर मी चवीनं वाचलं. भाचा ठाण्याला असतो, त्यानं फक्त सिनेमे पाहिलेत. तो म्हणतो, 'मामा, एवढं जाडजूड कोण वाचणार? सिनेमात आहे तेच खरं.' मी म्हणतो, सिनेमावाल्यांनी गोष्टीची वाट लावली. आमचे शेजारी दोघांनाही वेड्यात काढतात. परक्यांच्या राक्षसांशी आपला काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. त्यात भाच्याला सिनेमातल्या राजाची तलवार विकत घेऊन भिंतीवर लावायची आहे. तर पुस्तक बरोबर की सिनेमा? तलवार एकच असून दोन्हींकडे वेगळी का वागते? आणि असली तलवार घरात ठेवावी का?"
— मोखाडा तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुमचे प्रश्न तीन असले तरी मधला सुटला की पहिला बराचसा सुटतो. म्हणून आधी तलवार हातात घेऊ. तिसऱ्यात कायदा येतो, त्याकडे नंतर वळू.

भाच्याला हवी असलेली तलवार बहुधा अँडुरिल, म्हणजे ॲरागॉर्नची. तिचे मूळ नाव नार्सिल. जुन्या युद्धात ती मोडली, वंशजांनी तुकडे जपले आणि पुन्हा घडवल्यावर तिला अँडुरिल हे नाव मिळाले. इथपर्यंत पुस्तक आणि सिनेमा यांचे एकमत आहे. फाटा फुटतो तो ती पुन्हा घडते कधी, यावर.

टॉल्कीनच्या पुस्तकात ॲरागॉर्न मोडकी तलवारच कमरेला लावून हिंडतो. ब्री गावातल्या खाणावळीत हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांशी गाठ पडते, तेव्हाच तो ती काढून दाखवतो. पुढे रिव्हेंडेलचे लोहार ती सांधतात आणि मंडळी मोहिमेवर निघतात तेव्हा ती अखंड होऊन त्याच्याजवळ असते. म्हणजे हे सगळे पहिल्याच भागात उरकते. पीटर जॅक्सनच्या सिनेमात मात्र तुकडे रिव्हेंडेलमध्ये मांडून ठेवलेले आहेत, नायक साध्या तलवारीवर भागवतो आणि अँडुरिल त्याच्या हाती पडते ती थेट तिसऱ्या भागात. रिव्हेंडेलचा स्वामी एल्रॉन्ड स्वतः ती घेऊन छावणीत येतो. २००१ मध्ये पहिला भाग पाहिलेल्यांना या तलवारीसाठी २००३ च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले.

हा काही विसराळूपणा नव्हे. पुस्तकातल्या ॲरागॉर्नला आपण कोण आणि आपल्याला कुठे पोहोचायचे आहे, हे पहिल्यापासून पक्के माहीत आहे. सिनेमातल्या ॲरागॉर्नला राजेपण नकोसे वाटते. ज्या पूर्वजाच्या हातून अंगठी नष्ट करायची राहून गेली, त्याचेच रक्त आपल्यात आहे, ही त्याची धास्ती. आता मनातली घालमेल कादंबरीकार सावकाश उलगडून सांगू शकतो. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, त्याला हात दिसतात. म्हणून पटकथा लिहिणाऱ्यांनी तलवार मागे ठेवली. ती ज्या क्षणी त्याने मुठीत धरली, त्या क्षणी 'हा आता राजा व्हायला तयार झाला' हे एकही वाक्य न उच्चारता प्रेक्षकाला कळले. बदल माध्यमाच्या गरजेतून आला आणि माझ्या मते तो उत्तम जमला.

भाचा हे वाचून मामांकडे विजयी मुद्रेने पाहायच्या आत दुसरे उदाहरण देतो. त्यात सिनेमा हरतो.

मेरी नावाचा छोटा हॉबिट आठवा. पेलेनॉरच्या लढाईत तो शत्रूच्या काळ्या स्वारांच्या, म्हणजे नाझ्गूलांच्या, नायकाला मागून सुरी खुपसतो आणि मग एओविन ही वीरांगना त्या नायकाचा शेवट करते. सिनेमात हे पाहताना चौकस प्रेक्षकाला शंका येतेच : ज्याच्यापुढे मोठमोठे योद्धे गळाठतात, त्याला एवढ्याशा सुरीने काय होणार? पुस्तकात याचे उत्तर शेकडो पाने आधी पेरलेले आहे. मेरीची सुरी थडग्यांच्या टेकडीत सापडलेली. ती ज्या कारागिरांनी घडवली, त्यांच्या लोकांचा हाच नायक हाडवैरी होता. त्याच्या राज्याविरुद्ध लढतानाच ती घडली. म्हणून तिच्या घावाने त्याचा देह त्याच्या इच्छेशी बांधणारा मंत्र तुटतो. सिनेमाने वेळ वाचवण्यासाठी टॉम बॉम्बाडिल हे पात्र आणि थडग्यांचे प्रकरण गाळले. ते गेले, त्याबरोबर सुरीचा इतिहास गेला. सिनेमात ॲरागॉर्नच एका मुक्कामी हॉबिटांना तलवारी वाटून टाकतो. प्रसंग तोच राहिला, पण त्याचे कारण हरवले. एक प्रकरण उपटले की त्याचे मूळ कुठवर गेलेले असते, ते असे मागाहून कळते.

तिसरे उदाहरण घाईतच पाहू. जादूगार गँडाल्फची ग्लॅमड्रिंग आणि हॉबिटांची स्टिंग या दोन्ही एकाच जातीच्या. शत्रू जवळ आला की पुस्तकात दोन्ही निळसर चमकतात. सिनेमात चमकते फक्त स्टिंग. याचे समर्थन माझ्याजवळ नाही, आणि शोधायची गरजही वाटत नाही.

आता एक गैरसमज. 'सिनेमा म्हणजे पुस्तकाला कात्री' असे सरसकट बोलले जाते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे १९५४-५५ मध्ये आलेले हजारेक पानांचे पुस्तक. त्याचे तीन सिनेमे मिळून सुमारे सव्वानऊ तासांचे. तिथे कात्री अटळ होती. पण त्याच लेखकाचे १९३७ चे 'हॉबिट' घ्या. पुस्तक तीनशे पानांच्या आसपास, मुलांसाठी लिहिलेले, आणि त्याचेही तीन सिनेमे (२०१२ ते २०१४), लांबी जवळजवळ आठ तास! इथे कापाकापी झाली नाही, पाणी वाढवले गेले. मूळ पुस्तकात नसलेली माणसे आली, प्रेम आले, पाठलाग आले. तेव्हा 'हॉबिट'पुरता मी निःसंकोच मामांच्या बाजूचा. ते पुस्तक दोन-तीन दिवसांत वाचून होते आणि सिनेमापेक्षा जास्त हसवते.

मात्र 'बरोबर कोण' हा प्रश्न मोखाड्याहून यावा, याची मला गंमत वाटली. पोथीतली गोष्ट अंगावर चढवून नाचवण्याच्या बाबतीत तुमच्याइतका मुरलेला प्रेक्षक क्वचितच सापडेल. जव्हार-मोखाड्याकडे फाल्गुनापासून पुढे गावोगाव बोहाडा होतो. रात्री टेंभे पेटतात, संबळ कडकडू लागतो, आधी गणपती येतो, सारजा म्हणजे सरस्वती येते आणि मग एकेक सोंग निघते : वीरभद्र, नरसिंह, त्राटिका, दहा तोंडांचा रावण. शेवटाला देवी आणि महिषासुर यांची लढाई. गोष्टी साऱ्या रामायण-महाभारत-पुराणांतल्या. पण 'पोथीत असे नाही' म्हणून कुणी बोहाड्यात भांडायला उभा राहिल्याचे ऐकिवात नाही.

का नाही? कारण सोंगाच्या अडचणी तिथे सगळ्यांना ठाऊक असतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा तोंडावर बांधला की चेहरा हलायचा थांबतो, आवाज आत कोंडतो, समोरचे जेमतेम दिसते. त्यामुळे पोथीतले लांबलचक संवाद आपोआप गळतात. त्यांच्या जागी पावलाचा ठेका, खांद्याची उसळी आणि हातातले शस्त्र फिरवायची ढब येते. रावणाचा मुखवटा इतका रुंद असतो की तो घेऊन चपळाई करता येत नाही. त्याची चाल जड होते, आणि त्या जड चालीनेच पोरेटोरे आईच्या पाठीमागे दडतात. ही भीती पोथीतली नाही, मुखवट्याच्या वजनातून आलेली आहे. शिवाय पाहणाऱ्याला गोष्ट आधीच माहीत असते, त्यामुळे सोंगाने जे गाळले ते तो मनात भरून घेतो.

पडद्यावरच्या गोष्टीचे नेमके हेच आहे. तिथे लागतो पैसा, तास ठरलेले असतात, नटाचा चेहरा एकच असतो. पुस्तकात अँडुरिलचे वर्णन काही ओळींचे. तिची मूठ कशी, पाते किती रुंद, हे तुम्ही आपल्या मनाने ठरवलेत, तुमच्या शेजाऱ्याने त्याच्या मनाने. सिनेमाला मात्र एक म्हणजे एकच तलवार दाखवावी लागते. ती एकदा दिसली की सगळ्यांच्या मनातल्या तलवारी पुसल्या जातात. सिनेमाचा खरा जुलूम असलाच तर हा आहे. गोष्ट बदलल्याची तक्रार करणारे बहुतेक लोक खरे तर आपले मनातले चित्र हरवल्याने चिडलेले असतात, असा माझा अंदाज आहे.

आपल्या जवळचे उदाहरण हवे तर 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी सिनेमा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्याचे बीज नारायण धारपांच्या एका भयकथेत, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून उचललेले. पेंडशांचे खोत पाहायला म्हणून कुणी थिएटरात गेला असेल, तर त्याला खोतांऐवजी हस्तर भेटला असणार! धारपांच्या कथेतली भीती घराच्या चार भिंतींत राहते. सिनेमाने तिला लोभाची, सोन्याची आणि एका शापित देवाची, म्हणजे या हस्तरची, जोड दिली, आणि पाऊस तर असा दिला की तो वेगळे पात्रच वाटतो. त्या पावसासाठी चित्रीकरण अनेक पावसाळ्यांत वाटून केले गेले. धारप वाचलेल्याला तो आवडू शकतो, न वाचलेल्यालाही. धारपांची कथा त्यामुळे उणी झाली नाही; उलट सिनेमा पाहून धारप शोधत सुटलेले तरुण मला माहीत आहेत.

थोडे मागे जायचे तर 'चंद्रकांता' आठवा. देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी कादंबरीवरून नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मालिका लागे. तिच्यातल्या खलनायक क्रूरसिंहाच्या भुवया आणि त्याचे ते 'यक्कू' अजून कित्येकांच्या ओठांवर आहे. पण कादंबरीतले तिलिस्म पुष्कळसे कळसूत्री यंत्रांचे, आणि ऐयारांची, म्हणजे हेरांची, करामत वेषांतराची व बेशुद्धीच्या औषधांची. मालिकेने त्यात जादू सढळ हाताने ओतली. म्हणजे पडदा नेहमी गोष्ट सपाट करतो असेही नाही. कधी तो साध्या हिकमतीचाही चमत्कार करून ठेवतो.

इथे तुमच्या शेजाऱ्यांच्या शेऱ्याचेही उत्तर देऊन टाकतो. अद्भुत कथा परक्यांच्या नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या तो काळ एकोणिसाव्या शतकाचा. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली. आणि जव्हारचेच पाहा. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी अख्खा मुलूख वेढला. ही हकीकत इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. अगदी हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीच्या राणी डिडोच्या नावावर दोन हजार वर्षांपूर्वीपासून सांगितली जाते. गोष्टींना सरहद्द नसते, हे जव्हारकरांना कुणी शिकवायला नको.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचा निवाडा असा. दोघांपैकी खोटे कुणीच नाही. गोष्टीत काय घडले यावर वाद झाला तर शब्द पुस्तकाचा मानावा, कारण ती आधी तिथे घडली. पण सिनेमा चांगला की वाईट, हे त्याने पुस्तक किती पाळले यावरून ठरवू नये. जे गाळले त्याची भरपाई त्याने कशाने केली, ते पाहावे. अँडुरिलच्या बाबतीत त्याने केली. मेरीच्या सुरीच्या बाबतीत नाही केली.

आधी काय, हेही लोक विचारतात. शक्य तर पुस्तक आधी, म्हणजे मनातली चित्रे तुमची राहतात. अपवाद एक : नावांच्या गर्दीत वाचक बुडतो आणि पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटतो, असे असेल तर पहिला सिनेमा खुशाल आधी पाहावा. सौरॉन कोण आणि सारुमान कोण, हे एकदा चेहऱ्यांनिशी कळले की वाचन सुसाट होते. तुमच्या भाच्याला हाच उपाय लागू आहे. त्याला म्हणावे, सिनेमात नसलेला टॉम बॉम्बाडिल शोधून दाखव. पैज लावा.

आता तलवार विकत घेण्याविषयी. पण त्याआधी पडद्याने आपल्या डोक्यात घातलेल्या दोन खोट्या कल्पना काढून टाकू.

पहिली आवाजाची. सिनेमात तलवार म्यानातून निघताना जो 'श्शिंग' आवाज येतो, तो ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मागाहून भरलेला असतो. म्यान लाकडाचे, वरून चामडे किंवा कापड चढवलेले. त्यातून पाते निघताना जेमतेम सरसर होते. दुसरी वजनाची. अमक्या वीराची तलवार वीस किलोची होती, असे आपण अभिमानाने सांगतो. एका हाताने चालवायची लढाऊ तलवार साधारण एक ते दीड किलोची असते. वीस किलोचे लोखंड घेऊन दुसऱ्यांदा वार करायला हात वर येणार नाही, आणि समोरचा काही थांबून राहत नाही. तलवार हलकी होती असे म्हटल्याने वीराचे वीरत्व तिळभरही घटत नाही.

सिनेमात एका तलवारीच्या अनेक तलवारी असतात, हेही भाच्याला सांगा. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपमध्ये पीटर लायन या कारागिराने पोलादी तलवारी घडवल्या, त्या प्रामुख्याने जवळून घ्यायच्या दृश्यांसाठी. हाणामारीसाठी हलक्या ॲल्युमिनियमच्या, आणि घोड्यावरून पडायचे असेल तेव्हा रबरासारख्या मऊ पदार्थाच्या. पडद्यावर आपल्याला ती एकच भासते.

बाजारात मिळते ती या तिन्हींपैकी कुठलीच नव्हे. ती असते प्रतिकृती. परवाना घेऊन काढलेल्या प्रतिकृती युनायटेड कटलरीसारख्या अमेरिकी कंपन्या विकतात. अँडुरिलची अशी प्रत चार फुटांहून लांब आहे. याशिवाय त्यांच्या नकला, आणि नकलांच्या नकला. यांतल्या बहुतेकींचे पाते स्टेनलेस स्टीलचे. ते चकचकीत राहते, पण एवढ्या लांबीला ठिसूळ पडते. त्यातही स्वस्त मालात पात्याचा जो भाग मुठीत शिरतो, तो अखंड नसून पात्याला झाळलेली बारीक सळी असते. अशी तलवार जोराने फिरवली तर पाते मुठीतून सुटून उडू शकते. म्हणून भिंतीवरची तलवार भिंतीवरच ठेवायची, अंगणात मित्रांसमोर खेळायला काढायची नाही.

आणि आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेली तलवार, खंजीर, भाला वगैरे धारदार हत्यारे या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत येतात. शेतीची आणि घरकामाची अवजारे वगळलेली आहेत, त्यामुळे तुमच्या घरातल्या कोयत्याला धोका नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागांत अशी हत्यारे बाळगायलाही परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी तलवार घेऊन फिरणे हाच गुन्हा होतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून फोटो टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील; कुरिअरने मागवलेल्या तलवारी जप्त झाल्याच्याही. पावतीवर 'शोभेची वस्तू' असे छापले म्हणून सुटका होईल, या भरवशावर राहू नका. मागवण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे, धार नसलेलीच घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. गाडीत घालून मिरवत आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

कुणी 'खरी जुनी, ऐतिहासिक तलवार' स्वस्तात देऊ केली, तर दोन पावले मागे सरा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जुनेपणा सिद्ध करणे तर फारच अवघड. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ साली साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती अफझलखानावर वापरलेलीच आहेत असे खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयानेच सांगितलेले आहे. तिथे तज्ज्ञ गप्प बसतात आणि आपल्याला रस्त्याकडेचा विक्रेता छातीठोकपणे सांगतो!

याच ओघात भवानी तलवारीचीही शंका अनेकदा येते. देवीने शिवाजी महाराजांना तलवार दिली, हे दृश्य सिनेमांनी आणि कॅलेंडरांनी आपल्या मनात इतके पक्के केले आहे की लंडनला आहे तीच ती, असे आपण धरून चालतो. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली. ती भवानी नसून 'जगदंबा' असल्याचे अभ्यासक सांगतात. त्या काळातल्या मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून आलेली असत आणि मुठी इथल्या. त्या प्रकाराला फिरंगच म्हणत. देवीवरची श्रद्धा आणि पात्याचे पोलाद यांत भांडण लावायचे काही कारण नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावाची अशीच एक तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने सोडवून आणली. तिचे मोल धारेत नव्हते, तिच्यावरच्या लेखात होते.

भाच्याच्या भिंतीवर काय लावावे, असे मला विचाराल तर तलवारीपेक्षा मुखवटा बरा. त्याला पोलीस ठाण्यात जावे लागत नाही आणि न्यूझीलंडहून मागवावाही लागत नाही. जव्हार-मोखाड्याचे कारागीर कागदी लगद्याचे मुखवटे बनवून विकतात. फक्त तुमच्याकडच्या पावसाची काळजी घ्या. ओलीच्या भिंतीला मुखवटा टेकवून लावू नका, मागे बोटभर जागा सोडा, आणि श्रावणात ऊन पडले की पुस्तकांबरोबर त्यालाही वारा दाखवा. तलवार आणलीच, तर पावसाळ्यात ती चामड्याच्या म्यानात ठेवू नका; चामडे ओल धरते आणि पाते आतून गंजते. पुसून, तेलाचा हात फिरवून उघडीच ठेवावी.

आणि एक विनंती. मुखवटा घ्यायचा तर बनवणाऱ्याच्या दारी जाऊन, त्याने सांगितलेल्या किमतीला, नवा घ्या. बोहाड्यात नाचलेला, पूजेतला मुखवटा कितीही देखणा दिसला तरी मागू नका. तो त्या घराचा मान आहे, विकायचा माल नाही.